गजकर्ण समजून पुसलेलं वर्तुळ

माझं तोंड वाकडं झालं त्या सकाळी मी आधीच चिडलेली होते. कशावरून ते आता आठवत नाही, बहुतेक माझ्या मुलीच्या, इराच्या शाळेच्या बसवरून. दात घासून चूळ भरली तर पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून सरळ टी-शर्टवर. पुन्हा भरली, पुन्हा तेच. आरशात पाहिलं तर उजवी बाजू माझी आणि डावी कुणा दमलेल्या बाईची. डावा डोळा मिटायला गेले तर मिटेना. नवऱ्याला हाक मारली, तर 'समीर'मधला म धड उमटला नाही.

समीर दारात येऊन म्हणाला, "काय झालं? तोंड असं काय करतेयस?"

मी काहीच करत नव्हते. गेले सहा आठवडे मी हेच सांगत होते, की मी काही करत नाहीये, मला काहीतरी होतंय.

आता मी बरी आहे. राग मात्र गेलेला नाही आणि तो घालवायचा माझा विचारही नाही. 'आजारपणाने मला काय शिकवलं' असलं ज्यांना वाचायचं असेल त्यांनी दुसरीकडे जावं. स्वतःच्या शरीराबद्दल जे खरं सांगतायत आणि ज्यांचं कुणी ऐकून घेत नाहीये, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय.

वही

मी पळते. त्रेचाळीस वर्षांची आहे, जेबेल अलीच्या एका कंपनीत खरेदी विभागात काम करते आणि दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहते. इथली जमीन ताटासारखी सपाट. थंडीत मी बिल्डिंगांना फेऱ्या मारते, उन्हाळ्यात जिममध्ये भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर पळते. महिन्यातून एखाद्या शनिवारी गाडी काढून फुजैराच्या बाजूच्या डोंगरांत जाते. तिथे दगड आणि धूळ, पण चढ तरी असतो.

माझं खरं पळणं वर्षातून तीन आठवड्यांचं, इंग्लंडमध्ये. माझी धाकटी बहीण गौरी तिथे नैऋत्येला, एक्समूरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी एका लहान गावात राहते. तिथल्या पायवाटा लोकांच्या शेतांतून आणि कुरणांतून जातात आणि सगळ्यांना खुल्या असतात. फाटक उघडायचं, आत शिरायचं, आठवणीने फाटक लावायचं. कुणी हटकत नाही. जिथे दोन बिल्डिंगांमधल्या गवतावर पाय ठेवला तरी वॉचमन शिट्टी मारतो, तिथून गेलेल्या माणसाला हे किती मोठं वाटतं ते सांगून कळणार नाही.

मी फोनवरच्या नकाशावर पळत नाही. कागदी नकाशा पसरून चढ-उताराच्या रेघा बघते, रूट आखते आणि वहीत उतरवते. नऊ रूट आहेत, प्रत्येकाला मी ठेवलेलं नाव. सगळ्यात अवघड अकरा किलोमीटरचा, दोन मोठे चढ, त्याचं नाव 'रडवी'. वहीत असं लिहिलंय: "चर्चमागचं फाटक. दगडी भिंत डाव्या हाताला ठेवून चढ. पडक्या गोठ्याशी थांबायचं नाही, थांबलीस तर पुन्हा सुटणार नाहीस. माथ्यावर वारा. उतारावर नेचे कमरेपर्यंत, वाट दिसत नाही, ओढ्याचा आवाज उजवीकडे राहू दे."

ते नेचे, म्हणजे फर्न, लागतात त्याच्या आधीच्या फाटकावर एक पाटी आहे. इथे गोचीड असतात, पाय झाका, घरी गेल्यावर अंग तपासा. ती मी गौरीला मोठ्याने वाचून दाखवली होती आणि आम्ही दोघी खो खो हसलो होतो. आम्ही सांगलीकडच्या. आजोळी म्हशीच्या कानामागचे गोचीड ओढून काढलेत आम्ही. गोचीड गुरांना लागतात, कुत्र्यांना लागतात. माणसाला कसले लागतायत? गेल्या जुलैत शॉर्ट्स घालून मी त्या नेच्यांतून आठ वेळा गेले. रागावण्यासारख्या माणसांची यादी करायची तर पहिलं नाव माझंच.

ट्यूब

दुबईला परतल्यावर आठवड्याभरात डाव्या मांडीच्या मागे एक लाल डाग दिसला. तीन-चार दिवसांत तो तळहाताएवढा झाला. बाहेरून लाल कडा, मध्ये जवळजवळ स्वच्छ कातडी. खाज नाही, दुखणं नाही.

आमच्याकडे अंगावर गोल चट्टा उठला की तो गजकर्ण. आखातात तर विचारायलाच नको. दमट हवा, घाम, दिवसभर चिकटलेले कपडे. आणि गजकर्ण म्हणजे लाज. स्वच्छ राहत नाही असा सरळ आरोप. मी ते समीरलाही दाखवलं नाही. बाथरूममध्ये मान वाकडी करून फोटो काढला आणि अरुणकाकांना व्हॉट्सअ‍ॅप केला.

अरुणकाका म्हणजे समीरचे काका. पुण्यात चाळीस वर्षं दवाखाना चालवलेले. इथल्या प्रत्येक मराठी घराचे असे एक काका किंवा आत्या असतात. इथल्या डॉक्टरकडे जायचं तर अपॉइंटमेंट आली, इन्शुरन्सचं अप्रूव्हल आलं, अर्धा दिवस मोडला. काकांना फोटो टाकला की झालं. औषधंही सुट्टीहून येताना बॅगेतून आलेली असतात. आमच्या फ्रिजवर बिस्किटांच्या जुन्या डब्यात तापापासून भाजण्यापर्यंत सगळं आहे.

काकांचं उत्तर मिनिटाच्या आत आलं. "फंगल आहे. घामाचे कपडे लगेच बदलत जा. मागच्या वेळची ट्यूब आहे ना?"

ट्यूब होती. लावली. दहा दिवसांत डाग फिका पडला आणि मग गेला. मी काकांना हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

मी कुठून आलेय हे काकांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मी नवरा-मुलीला ठेवून डोंगरात पळायला जाते हा विषय सासरी कुणी आपण होऊन काढत नाही. तो डाग म्हणजे आजाराने स्वतः लावलेली पाटी होती. तो औषधाने गेला नव्हता. त्याचा तो जाणारच होता, मला नंतर कळलं. मी मात्र ट्यूबचे आभार मानले.

"घर में टेन्शन है क्या?"

त्यानंतर मी रोज थोडी थोडी संपत गेले. ऑफिसातून आले की चपलांसकट सोफ्यावर पडायची. मान आखडायची. आज गुडघा दुखायचा, परवा मनगट, तेरवा पाठीतून वीज गेल्यासारखी कळ. ट्रेडमिलवर दहा मिनिटांत उतरावं लागायचं. पळणाऱ्या माणसाला स्वतःचं दमणं ओळखता येतं. हे ते दमणं नव्हतं.

घराजवळच्या क्लिनिकमध्ये तीनदा गेले. पहिल्यांदा डॉक्टर म्हणाले, व्हिटॅमिन डी कमी आहे. इथे कुणाचंही रक्त काढा, व्हिटॅमिन डी कमीच निघतं. बारा महिने डोक्यावर सूर्य आणि बारा महिने आम्ही एसीत. दुसऱ्यांदा म्हणाले, "मॅडम, फॉर्टी के बाद बॉडी को रेस्ट चाहिए. रनिंग बंद कीजिए."

तिसऱ्यांदा समीर सोबत आला होता. मी सांगत होते, "डॉक्टर, छुट्टी से आने के बाद ही ये सब चालू हुआ है." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी वाक्य संपवायच्या आत ते टाइप करत होते. मग खुर्ची समीरकडे वळवून त्यांनी त्याला विचारलं, "मॅडम को घर में कुछ टेन्शन है क्या?"

आणि समीर म्हणाला, "हां, थोडा ऑफिस का प्रेशर है."

मी तिथे बसलेली होते. दोघांच्या मध्ये, दीड हातावर. माझ्या दुखण्याबद्दल दोन पुरुष माझ्या डोक्यावरून बोलत होते आणि त्यांचं एकमत झालं. झोपेची गोळी लिहून मिळाली.

त्यानंतर आठव्या दिवशी तोंड वाकडं झालं.

शेवटचं बरं कधी वाटलं होतं?

इमर्जन्सीत मला स्ट्रोक समजून आत नेलं. हात वर करा, बोट बघा, हसून दाखवा. हसायला सांगितल्यावर तोंडाचा अर्धाच भाग हसला आणि समीरचा चेहरा पांढरा पडला. एमआरआयच्या नळीत मी डोळे मिटून घ्यायचं ठरवलं, पण एक डोळा मिटतच नव्हता. त्या उघड्याच राहिलेल्या डोळ्याने मी वरचं पांढरं प्लॅस्टिक बघत पडले आणि मनात म्हणाले, मी मेले तर इराच्या डब्याचं यांना काही सुचणार नाही. भीती अशीच येते, मोठ्या गोष्टींची नाही वाटत.

स्ट्रोक नव्हता. दुपारी न्यूरॉलॉजीच्या डॉक्टर आल्या. सुदानच्या, वयाने माझ्याएवढ्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी काही विचारलं की समीर उत्तर द्यायचा, सवयीने. दोन प्रश्न झाल्यावर त्यांनी त्याला बाहेर कॉफी प्यायला पाठवलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "शेवटचं पूर्ण बरं कधी वाटलं होतं? तिथून सांगा."

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. मला उत्तर लगेच माहीत होतं. 'रडवी'च्या माथ्यावर. मी त्यांना टेकड्या सांगितल्या, ओढा सांगितला, कमरेएवढे नेचे सांगितले. त्यांचं लिहिणं थांबलं.

"अंगावर काही चट्टा उठला होता?"

"नाही," मी म्हणाले. खरंच तसंच वाटलं मला. गजकर्ण हे माझ्या लेखी सांगण्यासारखं नव्हतंच. उठून जाता जाता त्यांनी परत विचारलं, काहीही? खाज, डाग, काहीही? मग मी मान खाली घालून सांगितलं, की फंगल झालं होतं, पण ते गेलं. फोटो आहे का? होता. अरुणकाकांच्या चॅटमध्ये, हात जोडलेल्या चित्राच्या वर.

त्यांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघितला. "हे फंगल नव्हतं," त्या म्हणाल्या. गोचीड चावून होणारा लाइम डिसीज, आणि तो माझ्या नसांपर्यंत पोहोचला होता. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासायला पाठवलं. रिपोर्ट यायला वेळ लागणार होता, पण औषध त्यांनी त्याच संध्याकाळी सुरू केलं.

निदान झाल्यावर सुटल्यासारखं वाटतं असं लोक सांगतात. मला नाही वाटलं. त्या गेल्यावर मी पाण्याची बाटली भिंतीवर फेकून मारली. प्लॅस्टिकची, टोपण लागलेली. ती नुसती आपटली आणि गडगडत पलंगाखाली येऊन थांबली. धड फेकायलाही काही हाताशी नव्हतं.

ड्रिप

एकवीस दिवस रोज शिरेतून औषध. पहिला आठवडा हॉस्पिटलमध्ये, नंतर रोज जाऊन-येऊन. सकाळी सहाला बीपी, सातला डोळ्यात मलम, आठला नाश्ता. नाश्त्याचा घास डाव्या गालात अडकून राहायचा आणि बोटाने काढावा लागायचा. हे करताना समोर कुणी बसलेलं चालायचं नाही मला. फक्त इरा चालायची. इरा तेरा वर्षांची. ती फोनमध्ये डोकं घालून बसायची आणि मधूनच टिश्यू पुढे करायची, माझ्याकडे न बघता.

झोपताना डोळा चिकटपट्टीने बंद करावा लागे. केरळची एक नर्स ती पट्टी अशी लावायची की काढताना पापणीचा एक केसही ओढला जायचा नाही. तिने मला 'ठीक होईल' असं एकदाही सांगितलं नाही. पट्टी तेवढी नीट लावली. तिच्यावर मी एकदाही चिडले नाही. त्या महिन्यात ती एकटीच.

ड्रिप चालू असताना मी रूट पळायची. वही गौरीकडे राहिली होती, पण मला सगळं पाठ होतं. चर्चमागचं फाटक, कडी वर उचलायची, बंद करायची. भिंत डाव्या हाताला. पहिल्या दिवसांत मी पडक्या गोठ्यापर्यंतच पोहोचायची आणि झोप लागायची. चिडचिड व्हायची. पलंगावर पडल्या पडल्या मनातल्या मनात पळायचं, आणि त्यातही दम लागायचा.

भेटायला येणारे एकच बोलायचे. "पळायचं जरा अतीच झालं ना?" माझ्या ऑफिसातला एकजण फुलं घेऊन आला आणि म्हणाला, "खलास मॅडम, अब रनिंग बंद." मी बुरशी लागलेली भाजी खाऊन आजारी पडले असते तर कुणी जेवण सोडायला सांगितलं नसतं.

चुकलं कोण म्हणालं

समीरशी खरं भांडण हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये झालं. भारतात त्याच्या आईला तो फोनवर सांगत होता, "मी तिला पहिल्यापासून म्हणत होतो, नीट टेस्ट करून घे." माझा सीटबेल्ट लावायचा राहिला.

"कधी म्हणालास?" मी विचारलं.

"म्हणजे, तसंच काहीतरी."

"तू म्हणालास ऑफिसचं प्रेशर आहे. माझ्यासमोर म्हणालास."

त्याने फोन बंद करून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मी घाबरलो होतो गं. टेन्शन असेल तर बरं, असं वाटत होतं. दुसरं काही असण्यापेक्षा."

"मग घाबरल्यासारखं वागायचंस. मला वेडी कशाला ठरवलंस?"

मागून कुणीतरी हॉर्न दिला, त्याला आमची जागा हवी होती. आम्ही घरी आलो. समीर वाईट माणूस नाही. त्या तीन आठवड्यांत डबे, कपडे, इराचे प्रोजेक्ट, सगळं त्याने केलं. तरीही त्या क्लिनिकमधलं त्याचं एक वाक्य अजून मला पुसता आलेलं नाही, आणि तो करतो त्या चांगल्या गोष्टींनी ते पुसलं जावं अशी त्याची अपेक्षा असते, याचाही मला राग येतो.

क्लिनिकच्या डॉक्टरांकडे रिपोर्ट घेऊन मी मुद्दाम गेले. ते म्हणाले, "मॅडम, ये बीमारी तो यहाँ होती ही नहीं." मी म्हटलं, इथे होत नाही, पण मी तिथे गेले होते. ते म्हणाले, "आपने बताया नहीं." मी सांगितलं होतं. सुट्टीहून आल्यापासून, असं मी त्याच खुर्चीत बसून सांगितलं होतं. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये ते नव्हतं, म्हणून ते घडलं नव्हतं.

अरुणकाकांनी स्वतः फोन केला. म्हणाले, "मंजिरी, चुकलं माझं. मी दोन प्रश्न विचारायला हवे होते." एवढंच बोलले आणि फोन ठेवला. सगळ्या प्रकरणात 'चुकलं' म्हणणारे ते एकटेच. त्यामुळे त्यांच्यावरचा राग मला धड टिकवताही येत नाही.

चेहरा चार महिन्यांत परत आला. जवळजवळ. खूप दमले की डावी पापणी अजून जड होते. गुडघा थंडीत कुरकुरतो. पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा एक्समूरला जाणार आहे, लांब पँट आणि लांब मोजे घालून, आणि प्रत्येक रूटनंतर गौरी माझे पाय बघणार आहे. 'परत जाणार?' असं ज्यांनी विचारलं त्यांना मी उत्तर दिलेलं नाही. तुम्हीही कुठे गवतातून, झाडीतून फिरून आला असाल आणि अंगावर गोल डाग उठला, तर तो डॉक्टरला प्रत्यक्ष दाखवा आणि कुठे गेला होता ते आपण होऊन सांगा. लाजू नका. आणि एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जा. मी सहा आठवडे एकाच दारात उभी राहिले.

इरा

मी एवढ्यावरच थांबणार होते. पण गेल्या महिन्यात इराच्या शाळेतून फोन आला. ती पी.टी.च्या तासाला चक्कर येऊन पडली होती. मी गेले तर ती आजारी मुलांच्या खोलीत पोट धरून, भिंतीकडे तोंड करून पडलेली. पाळीच्या दिवसांत तिला इतकं दुखत होतं की उलट्या व्हायच्या. किती दिवसांपासून? पाच महिने. माझी ड्रिप चालू होती तेव्हापासून.

गाडीत मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस, बाळा?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "यू टोल्ड देम एव्हरीथिंग, आई. नोबडी लिसन्ड. सो व्हॉट्स द पॉइंट?"

मी गाडी कडेला घेतली. मला वाटत होतं माझं काय गेलं ते मला माहीत आहे. सहा आठवडे, एक पापणी, एक गुडघा. माझ्या मुलीने पलंगाशेजारी बसून, टिश्यू पुढे करत, काय शिकून घेतलं ते मला माहीत नव्हतं. दुखलं तर सांगायचं नाही. सांगून उपयोग नसतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बायकांच्या डॉक्टरकडे गेलो. नव्या क्लिनिकमध्ये, नवीन बाई. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, हिला कधीपासून त्रास आहे? मी म्हटलं, तिला विचारा. इरा आधी म्हणाली, "इट्स ओके, इट्स नथिंग." मी गप्प बसले. मोठ्या कष्टाने बसले. मग ती हळूहळू सांगायला लागली. शाळेच्या बाथरूमबद्दल, डब्यातलं जेवण टाकून देण्याबद्दल, बसमध्ये पोटावर दप्तर दाबून धरण्याबद्दल. मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

अर्ध्यात डॉक्टरांनी मान हलवली, हसल्या, "या वयात होतं असं" म्हणाल्या आणि कीबोर्डकडे वळल्या. इराचा आवाज बारीक झाला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचं तोंड मिटायला लागलं.

मी पुढे वाकून माझा हात त्या कीबोर्डवर ठेवला.

"थांबा," मी म्हणाले. "ती अजून बोलतेय."